बिनपाण्याचं गणित

गुणाकर सरांना थुंकी लावून पान उलटायची सवय होती. अंगठा जिभेवर टेकवायचा, चांगला ओला करायचा आणि मग दुसऱ्याच्या दोन वर्षांच्या मेहनतीवरून तो फिरवायचा. दिवसभर तोंडात सुपारी, त्यामुळे मंजुषाच्या प्रबंधाच्या पानापानाला उजव्या कोपऱ्यात पिवळट डाग पडलेला असे. घरी आली की ती ती पानं चिमटीत धरून फायलीत सारायची आणि साबणाने हात धुवायची. पण तोंडावर कधी बोलली नाही. बोलणार कशी, सांगा! गाईड तेच, विभागप्रमुख तेच, आणि दरवर्षी अतिथी विद्वानांच्या यादीवर सही करणारेही तेच. अतिथी विद्वान, म्हणजे वर्षाच्या बोलीवरची मास्तरकी! नाव केवढं भरजरी. काम मात्र पडेल ते, आणि पुढच्या वर्षी राहील की नाही ते सरांच्या मर्जीवर.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका खाजगी कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची आणि तिथेच पीएच.डी. करायची. राहायला भरवेलीला, खाणीच्या वसाहतीपलीकडच्या वॉर्डात. बाप खाणीत होता, तो गेला तेव्हा ती बारावीत होती. आई तुळसाबाईनं शाळेत मध्यान्ह भोजनाचा भात शिजवून दोन्ही पोरी शिकवल्या. थोरली आम्रपाली बिरसा गावाकडे अंगणवाडीत लागली, आणि तिची पोरगी खुशी दहावीसाठी आजीकडे राहिली. मंजुषाचं सगळं संशोधन सुरू झालं ते या खुशीपायी.

खुशीला सिकलसेल. रक्तातल्या प्रथिनाच्या लांबलचक माळेत सहाव्या जागी एक मणी चुकीचा ओवलेला. तिथे हवं होतं ग्लुटामिक आम्ल, बसलंय व्हॅलीन. एवढ्या एका मण्यापायी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि पोरगी हाडं धरून किंचाळते. या भागात घराआड एक घर असं आहे. रोज एक कॅप्सूल घ्यायची आणि भरपूर पाणी प्यायचं, हे जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी चार वर्षांपूर्वी सांगितलं, आणि तेव्हापासून खुशी बऱ्यापैकी सांभाळली गेली होती.

मंजुषाचं काम संगणकावरचं. आपण जे खातो त्यातला एखादा घटक प्रथिनाच्या मण्यांना, म्हणजे अमिनो आम्लांना, कुठे आणि किती घट्ट धरतो ते काढायचं. खरं रक्त नाही, खरी भाजी नाही. पडद्यावर रंगीत गोळ्याकाड्यांचे दोन रेणू शेजारी ठेवायचे आणि संगणकाला म्हणायचं, बाबा रे, यांचं जमतं का बघ. तिनं एका बाजूला व्हॅलीन घेतलं. दुसऱ्या बाजूला तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, पाल्यातला एक घटक घेतला, कारण तरोट्याची भाजी पावसाळ्यात सगळ्यांच्याच घरी होते आणि फुकट मिळते. काही निघालं तर गरिबाच्या ताटात आयतंच पडेल, असं तिच्या मनात होतं. हेतू वाईट नव्हता हो. हेतू वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

पहिलं गणित तिनं कोरडं केलं. कोरडं म्हणजे दोन रेणू आणि भोवती काही नाही, नुसती पोकळी. या कामात सगळे सुरुवात अशीच करतात, कारण पाणी घातलं की गणित दहापट जड होतं आणि कॉलेजचा संगणक आधीच धापा टाकणारा. तर कोरड्यात दोघं काय चिकटले म्हणता! सर खूश झाले. त्यांनी कुठल्याशा नियतकालिकात लेखही छापून आणला, पहिलं नाव अर्थात स्वतःचं. त्या लेखात मंजुषानं एक ओळ लिहिली होती, 'सर्व गणना वायू अवस्थेत केली आहे.' या धंद्यातल्या माणसाला त्या ओळीत सगळं कळतं. बाकीच्यांना ती दिसतसुद्धा नाही.

मग तिनं पाणी घातलं. रक्त म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच की. ते गणित अकरा दिवस चाललं. लाइट गेली की ती धावत इन्व्हर्टरपाशी जायची. तीन ऑगस्टला उत्तर आलं. पाण्याचे रेणू मध्ये शिरले आणि दोघं सुटले, जसे काही कधी भेटलेच नव्हते. तिनं तीन वेगवेगळ्या कोनांतून लावून पाहिलं होतं, तिन्हीत सुटले. वाईट वाटलं, पण विज्ञानात असं होतंच, म्हणून तिनं कागद छापला आणि त्याच दुपारी सरांपुढे ठेवला.

सरांनी अंगठा ओला केला. पान उलटलं. पुन्हा उलटलं.

"हे कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही सर."

"मग नको दाखवूस. पुढे परिशिष्टात घालू कुठेतरी. बघ मंजुषा, प्रबंध तुझा आता शेवटाला आलाय. या वेळी पाणी ओतून कशाला विझवतेस?" असं म्हणून स्वतःच्या विनोदाला ते स्वतःच हसले आणि कागद खणात गेला. दातांत सुपारीचा चुरा दिसला.

"हौ सर," मंजुषा म्हणाली.

हौ सर! पुढे या दोन शब्दांची तिला इतकी शिसारी आली की वर्गात कोणी पोरगं 'हौ मॅडम' म्हटलं तरी ती फळ्याकडे तोंड फिरवायची. पण त्या दिवशी मात्र ती तशीच पुढच्या तासाला गेली.

आठवड्याने सर तिला गाडीत घालून लालबर्‍याला घेऊन गेले. तिथे एका राईस मिलच्या मागे त्यांच्या पुतण्याची, अनुरागची, पत्र्याची शेड होती. शेडीत शिरताच तिनं ओढणी नाकाला लावली. भर पावसाळ्यात तरोट्याचा पाला जमिनीवर पसरून वाळवत होते. वाळतोय कसला, कुजत होता. वरचा थर हिरवा, खाली पांढरी बुरशी. ढिगाच्या मधोमध एक लूत लागलेलं कुत्रं मस्त अंग दुमडून झोपलं होतं, आणि बाया अनवाणी पायांनी त्या पाल्यावरून टोपल्या नेत होत्या. कोपऱ्यात चक्की घरघरत होती. तीतून निघणारी पूड काळपट हिरवी, ओल्या गोणपाटासारख्या वासाची.

"तरोटाबल चूर्ण," अनुरागनं डबी पुढे केली. "सिकलसेलवर. संगणकानं सिद्ध."

"सर, हे काय आहे?"

"नमुना आहे गं. प्रकल्पाच्या फायलीला लागतो," सर म्हणाले. "भाजी तर आहे. भाजीनं कोणाचं वाईट झालंय का आजवर? हं, ती डबी हातात धर. फोटो काढू."

मंजुषाला कुत्र्याच्या अंगावरच्या जखमा दिसत होत्या. अनुराग म्हणाला, "मॅडम, स्माईल." आणि आता खरं ते सांगते, ती हसली. दात दाखवून हसली. घरी येऊन तिनं तीन वेळा तोंड धुतलं, पण हसायचं ते हसून झालं होतं.

तिला वाटलं, फाईल आहे, फायलीतच पडून राहील. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

सप्टेंबर संपता संपता एका दुपारी ती कॉलेजातून आली तर दाराशी शेजारच्या खेमराजची मोटरसायकल सुरू उभी, आणि आतून खुशीचा आवाज. आवाज कसला, जनावर ओरडावं तसं ओरडणं. पोरगी खाली फरशीवर पडून दोन्ही मांड्या आवळून धरत होती.

"मौसी, हड्डी टूट रही है मेरी! मौसी!"

तुळसाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. खेमराज पुढे, मंजुषा मागे आणि मध्ये खुशी, असं करून त्यांनी जिल्हा रुग्णालय गाठलं. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, आणि मग मंजुषाला बाजूला घेतलं.

"चार साल में ऐसा नहीं हुआ था. कैप्सूल बराबर चल रहा है न?"

"हौ मॅडम, रोज."

"एक बार घर जाकर देखिए," बाई एवढंच म्हणाल्या. त्यांना सवय होती.

मंजुषा घरी आली. स्वयंपाकघरात फळीवर तांदळाचा पत्र्याचा डबा होता, आणि त्या डब्यावर तिचाच फोटो चिकटवलेला. दात दाखवून हसणारा, हातात डबी धरलेला. चूर्णाच्या खोक्यावरून कात्रीनं नीट कापून भाताच्या खळीनं लावला होता. शेजारी तीन डब्या तरोटाबल, दोन रिकाम्या, एक अर्धी. तिनं झाकण उघडलं. तोच गोणपाटाचा, कुत्र्याचा वास. आणि मागे, पिशवीत गुंडाळून, कॅप्सूलच्या पट्ट्या. चाळीस दिवसांच्या. एकही फोडलेली नाही.

ती मोरीवर गेली आणि ओकली. पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिली.

संध्याकाळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात तिनं आईला विचारलं. "गोळी काहून बंद केली, आई?"

"बंद नाई केली वो, बदलली," तुळसाबाई म्हणाली. "तुहे सर आलते घरी, तू कॉलेजात होती तवा. चहा पेले, म्हणाले, मावशी, तुमच्याच पोरीनं शोध लावला. आता ते कॅप्सूल खाऊन खाऊन पोरीचं पोट बिघडवाची गरज नाई. डबे देल्ले. वर पाह्यतो तं तुहा फोटो! तुहं नाव!" बोलता बोलता एवढ्या सगळ्यातही तिचा चेहरा क्षणभर उजळला. "तुले सांगतलं नाई. म्हटलं खुशी पुरी बरी होईन, मंग सांगीन. तुले किती आनंद होईन, म्हटलं."

"आई, ते औषध नाई."

"मंग तुहं नाव काहून आहे त्याच्यावर?"

तीन ऑगस्टचा कागद तिच्या पर्समध्ये होता, दुसरी प्रत. तो काढून दाखवला असता तर आईनं पहिला प्रश्न विचारला असता तो तिला ठाऊक होता, आणि त्याचं उत्तर द्यायला तिच्याकडे तोंड नव्हतं. ती उठून खुशीसाठी पाणी आणायला गेली.

तुळसाबाईनं जे केलं ते वॉर्डातल्या किती घरांत झालं होतं, ते तिला रविवारी कळलं. त्या रविवारी वॉर्डातल्या विहारात कार्यक्रम होता. विहार कमिटीचे अध्यक्ष टिकाराम स्वतः आमंत्रण द्यायला आले होते. गुणाकर सरांचा सत्कार, मंजुषाचा सत्कार, आणि नंतर चूर्णाचं वाटप, पहिला महिना फुकट. सरांनी फोनवर समजावलं, "तुमच्या समाजात हा आजार जास्त. मी बोललो तर लोक म्हणतील बाहेरचा माणूस. तू बोललीस तर विश्वास ठेवतील. मग डिसेंबरात तुझा प्रबंध मी स्वतः पुढे पाठवतो."

अरे वा रे गाईड! बकरं कापायचं तेही घरच्या माणसाच्या हातून. तिनं फोन ठेवला आणि कानाला लागलेला तो आवाज ओढणीनं पुसला.

आम्रपाली बिरसाहून येऊन खुशीपाशी बसली, म्हणून मंजुषा आणि तुळसाबाई विहारात गेल्या. विहार भरलेला. पांढऱ्या साड्या, पांढरे कुडते. बुद्धाच्या मूर्तीला आणि बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून झाले, मेणबत्त्या लागल्या. टिकारामांनी त्रिसरण सुरू केलं, मग पंचशील, आणि सगळ्यांनी हात जोडून मागे म्हटलं. सर खुर्चीवर बसून ओठ हलवत होते. त्यांना त्यातला एक शब्द येत नव्हता, पण हलवत होते, आणि मध्येच जिभेनं दातातली सुपारी काढत होते.

चौथं शील आलं. "मुसावादा वेरमणि सिक्खापदं समादियामि." खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन. पाच वर्षांची असल्यापासून मंजुषा दर रविवारी हे म्हणत आली होती, न अडखळता. आज ती 'मुसावादा'पाशीच थांबली. शेजारी आई मोठ्यानं म्हणत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. पाचवं शील सुरू झालं तरी मंजुषा चौथ्यावरच होती.

सरांचं भाषण झालं. "ही तुमची मुलगी! या वॉर्डात वाढलेली! हिच्या गणितानं सिद्ध झालंय की तरोटा व्हॅलीनला धरून ठेवतो." टाळ्या पडल्या. मग माईक मंजुषाकडे आला.

"आधी एक सांगा," ती म्हणाली. "कोणाकोणाच्या घरी डबे येऊन राह्यले?"

हातच हात. चाळीसेक तरी असतील.

"अन् त्याच्यापायी कोणी रोजची कॅप्सूल बंद केली?"

सुरुवातीला कोणीच हात वर केला नाही. मग मागच्या रांगेतल्या सीताबाईनं अर्धा हात वर केला. मग एक माणूस. मग आणखी दोघी. टिकारामांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मंचावरून स्वतःचा हात वर केला, त्यांच्या नातवासाठी. मग आणखी काही हात. मंजुषा मोजत होती. अकरा. तिनं माईकची दांडी धरून ठेवली.

"बंद करू नका. आज घरी जाऊन सुरू करा, अन् उद्या दवाखान्यात दाखवा. तरोट्यानं काही होत नाई. मी गणित केलं ते कोरडं होतं. त्याच्यात पाणी नव्हतं. पाणी घालून केलं तं सुटून गेलं सारं. अन् रक्तात पाणी असते. म्हणून या डबीचा काही उपयोग नाई. माही खुशी चार दिवसांपासून भरती आहे."

कोणाचं तरी लहान मूल खोकलं.

आणि आता या माणसाची करामत पाहा. गुणाकर सर उठले. हसत उठले! टाळ्या वाजवत पुढे आले आणि मंजुषाच्या खांद्यावर हात ठेवला, तोच अंगठा असलेला हात. "बघितलंत? याला म्हणतात प्रामाणिक संशोधक! स्वतःच्या कामातली उणीव स्वतः सांगते! अशीच मुलं आपल्याला हवीत. मित्रहो, विज्ञानात दोन मतं असतातच. कोरडं गणितही बरोबर, ओलंही बरोबर. त्यावर आपण पुढे काम करू. तोवर भाजी म्हणून घ्यायला काय हरकत आहे?" आणि दोघं-चौघं खरंच टाळ्या वाजवायला लागले. मंजुषाच्या अंगावर त्या हातापासून खालपर्यंत काटा उभा राहिला. झालं, खाल्लं, यानं हेही खाल्लं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात बायांच्या रांगेतून तुळसाबाई उठली. पदर खोचून उभी राहिली, शाळेत भाताच्या गंजापाशी उभी राहते तशी.

"सर, मी चौदा वर्षं शाळेत भात रांधला," ती म्हणाली. "बिन पाण्याचा भात कवा रांधला नाई. तुमी रांधला तं रांधला, बाप्पा, पण लेकराइले वाढला काहून?"

"मावशी, तुम्हाला यातलं तांत्रिक समजणार नाही."

"हौ, नाई समजत. तारीख समजते." तिनं पोरीकडे पाहिलं. "मंजू, पाण्याचं गणित कवा झालं?"

"तीन ऑगस्टले."

"अन् सरले कवा सांगतलं?"

"त्याच दिवशी."

"बरं." तुळसाबाई सरांकडे वळली. "तुमी माह्या घरी डबे घेऊन आलते पंधरा ऑगस्टच्या नंतर. शाळेत झेंड्याच्या दिवशी वाटलेले बुंदीचे लाडू उरले होते, तेच मी तुमाले चहासंगं देल्ले. दोन खाल्ले तुमी. म्हणजे तवा तुमाले मालूम होतं. मालूम असून माह्या नातीची गोळी बंद कराले लावली, अन् वरून माह्या घरचे लाडू खाल्ले!"

सरांनी तोंड उघडलं. टिकाराम खुर्चीवरून उठले आणि त्यांनी मंचावरचा माईक बंद केला. मग सर काहीतरी बोलत राहिले, पण ते पहिल्या रांगेपलीकडे गेलं नाही. कोणीतरी म्हणालं, "निघा आता." ते निघाले. खांद्यावरची शाल तशीच होती, आणि एवढ्या गोंधळातही टेबलावरचा नारळ उचलायला माणूस विसरला नाही. थू!

मंजुषाला वाटलं, संपलं. पण तुळसाबाई अजून उभीच होती.

"अन् तुले, मंजू?" ती हळू म्हणाली, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. "तुले तं गणित करतानीच मालूम होतं. त्याच्यानंतर तू हा फोटो काढला?"

तुळसाबाईच्या हातात डबी होती, मंजुषाच्या फोटोची. वॉर्डातले सगळे लोक बघत होते. मंजुषाच्या मनात चार-पाच वाक्यं येऊन गेली, सरांची मर्जी, प्रबंध, यादीवरची सही, आणि प्रत्येक वाक्याचा तिला वीट आला.

"हौ, आई," ती म्हणाली. "नंतर काढला. मी शेण खाल्लं."

तुळसाबाईनं डबी बुद्धासमोर नाही, दाराबाहेर चपलांपाशी नेऊन ठेवली. तिच्यामागून सीताबाई गेली. मग एकेक जण घरी जाऊन डबे घेऊन आला आणि चपलांशेजारी तो काळपट हिरव्या डब्यांचा ढीग वाढत गेला. टिकारामांनी एका कागदावर त्या अकरा घरांची नावं लिहून घेतली. सोमवारी सकाळी आठ वाजता सगळ्यांनी जिल्हा रुग्णालयात यायचं ठरलं.

घरी परतताना मंजुषाच्या फोनवर सरांचा मेसेज आला, की उद्यापासून यायची गरज नाही आणि प्रबंधासाठी दुसरा गाईड शोधावा. तिनं तो वाचला आणि फोन पर्समध्ये टाकला. आश्चर्य म्हणजे तिला त्यात काही घाण वाटली नाही. त्या माणसाचं तिला आलेलं हे पहिलं सरळ पत्र होतं.

खुशीसाठी रुग्णालयात पातळ भात न्यायचा होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पातळ द्या आणि तासातासाला पाणी पाजा. तुळसाबाईनं गंज चुलीवर ठेवला. मंजुषानं फळीवरून तांदळाचा डबा काढला, आणि डब्यावरून ती स्वतःच तिच्याकडे बघून हसत होती. दात दाखवून. तिला एकदम इतकी किळस आली की तिनं डबा मांडीत धरला आणि नखानं फोटोचा कोपरा खरवडायला सुरुवात केली. खळ पक्की बसली होती. कोपरा थोडा निघाला.

"राहू दे," पाठमोरी तुळसाबाई म्हणाली.

"आई, मले पाहवत नाई."

"म्हणूनच राहू दे. रोज तांदूळ काढतानी दिसला पाह्यजे." तिनं तांब्यातून गंजात पाणी ओतलं, बोट बुडवून अंदाज घेतला, आणखी थोडं ओतलं. "अन् आता लवकर निवड. खुशीले भूक लागली असन."

मंजुषानं नख काढून घेतलं. झाकण उघडून तिनं सुपात दोन वाट्या तांदूळ घेतले आणि खडे निवडायला बसली.